टोचन, कपलिंग आणि उसाची डबल ट्रॉली

आमच्या बॅचचा एक मित्र अमेरिकेत असतो. त्याने मागच्या आठवड्यात शेजारच्या रिटायर्ड आजोबांच्या मोटारहोमचा फोटो पाठवला. मोटारहोम म्हणजे आपल्या एसटीएवढं चाकांवरचं घर, आत किचन, पलंग, बाथरूम सगळं. पण गंमत त्या घराची नव्हती, त्याच्या मागे बांधलेल्या जीपची होती. चारही चाकं रस्त्यावर, आत कोणी नाही, आणि आजोबा तिला तशीच ओढत हजार-दोन हजार किलोमीटर नेणार! मुक्कामाला पोचल्यावर मोठं धूड एका जागी लावायचं आणि दूध-ब्रेड आणायला जीप सोडवायची. मित्राने खाली लिहिलं होतं, "आपल्याकडे कधी होणार रे हे?"

तर मंडळी, या वीकेंडला हाच विषय. त्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र त्याच्या अपेक्षेपेक्षा जरा वेगळं आहे.

आपल्याकडे या प्रकाराला एक झकास शब्द आहे, टोचन. बंद पडलेली गाडी दोर लावून गॅरेजपर्यंत ओढत नेणं म्हणजे टोचन. आजोबांचं टोचन आणि आपलं टोचन यात फरक काय? आपण दोर बांधतो. ते लोक चांगल्या गाडीला ओढून घेण्यासाठी रीतसर तयार करतात, आणि त्यावर काही हजार डॉलर खर्च करतात. ती तयारी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती सगळी चार प्रश्नांची उत्तरं आहेत.

१. जोड कसली? दोर फक्त ओढू शकतो, ढकलणं थोपवू शकत नाही. पुढच्याने ब्रेक मारला की मागचा येऊन धडकणार. म्हणून तिथे दोर नसतो, ताठ लोखंडी दांडा असतो. दोन बाहूंचा, चिमट्यासारखा. तो बंपरला लावून चालत नाही, बंपर हातात येईल. गाडीच्या सांगाड्याला आधी एक पट्टी बोल्ट करतात आणि दांडा तिला जोडतात. शिवाय दांडा निखळलाच तर म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी केबल.

२. मागच्याला दिसणार कसं? पुढची गाडी ब्रेक मारते तेव्हा मागच्या गाडीचे ब्रेक लाइट लागले पाहिजेत, कारण रस्त्यावरच्या लोकांना शेवटचीच गाडी दिसते. त्यासाठी वायरिंग ओढतात. दोन गाड्यांचे करंट एकमेकांत मिसळून फ्यूज उडू नयेत म्हणून मध्ये डायोड टाकतात.

३. थांबवणार कोण? दीड टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर तिच्यातली ऊर्जा ती २५ मीटरवरून, म्हणजे साधारण आठव्या मजल्यावरून, खाली पडल्याएवढी असते. हे ओझं एकट्या पुढच्या ब्रेकवर टाकायचं नाही. म्हणून मागच्या गाडीत एक यंत्र बसवतात, ते वेग कमी होतोय हे ओळखून तिचं ब्रेक पेडल दाबतं.

४. आणि तुटलंच तर? हा माझा आवडता भाग. एक बारीक केबल पुढच्या गाडीपासून मागच्या गाडीतल्या स्विचपर्यंत जाते. सगळं तुटून गाडी सुटली तर ही केबल स्विचची पिन उपसते, आणि सुटलेली गाडी स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावून थांबते. आपल्या धंद्यात याला फेल-सेफ म्हणतात. सगळं बिघडल्यावर सिस्टिम कुठल्या अवस्थेत जाईल हे आधीच ठरवून ठेवायचं.

आता एक उपप्रश्न. कुठलीही गाडी अशी ओढता येते का? अजिबात नाही, आणि हा भाग आपल्यालाही उपयोगाचा आहे. नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकं आतले भाग फिरवत राहतात, पण तेल पोचत नाही. थोड्या किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं भजं. :) तिकडे जीप रँगलर लोकप्रिय आहे ती यामुळेच. तिच्या ट्रान्सफर केसला वेगळा न्यूट्रल आहे, चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटतो. इलेक्ट्रिक गाडीत चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज बनायला लागते, म्हणून तिला सरळ फ्लॅटबेडवर चढवायचं. एएमटी गाडी बॅटरी बसल्यावर गिअरमध्येच अडकू शकते. थोडक्यात काय, तुमची गाडी ऑटोमॅटिक किंवा ईव्ही असेल आणि जालना रोडवर बंद पडली, तर मदतीला धावून आलेल्या उत्साही ट्रकवाल्याला नम्रपणे नाही म्हणा आणि आधी गाडीचं पुस्तक उघडा.

मित्राच्या प्रश्नाकडे वळतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे चाकांवरचं घर ही कल्पना आता परग्रहावरची राहिलेली नाही. पण मागे गाडी बांधायची म्हणाल तर आपल्या कायद्याचा पिंडच वेगळा आहे. १९८९ च्या रस्ता नियमावलीत ओढायची परवानगी होती ती बंद पडलेल्या किंवा अर्धवट जोडणी झालेल्या वाहनाला, आणि नोंदणी केलेल्या ट्रेलर किंवा साइडकारला. तेही पोच करण्यापुरतं किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत, पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली हवीत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरात 'ऑन टो' असा फलक हवा. वेग २४ किलोमीटरच्या आत. २०१७ मध्ये या नियमावलीची जागा नव्या नियमांनी घेतली. तेव्हा ज्याला हौस आहे त्याने यूट्यूबला विचारण्याआधी आरटीओला विचारलेलं बरं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक भौतिक अडचण आहेच. चारही चाकांवर ओढलेली गाडी रिव्हर्स घेता येत नाही. मागे ढकललं की तिची पुढची चाकं भलतीकडे वळतात. आता डोळ्यांपुढे आणा, तुम्ही वेरूळला निघालात, दौलताबादच्या त्या दगडी दरवाजात शिरलात आणि समोरून ट्रॅव्हल्सची बस आली. उतरा, पिना काढा, जीप सोडवा, मागच्या पन्नास गाड्यांची मनधरणी करा... असो. वेरूळला जायला मोटारहोम उभं करून रिक्षा केलेली बरी.

म्हणजे "आपल्याकडे कधी होणार" याचं उत्तर "कशाला व्हायला हवं" असं आहे का? तेवढंच असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. माझं म्हणणं असं की आपल्याकडे हे केव्हाच झालेलं आहे, फक्त आपण त्याला त्या नजरेने बघत नाही. एका इंजिनाच्या मागे इंजिन नसलेली वाहनं जोडून ती सार्वजनिक रस्त्यावर रात्रंदिवस पळवणं हा प्रकार आपणही मोठ्या प्रमाणावर करतो. गळीत हंगाम सुरू झाला की पैठण रस्त्याला जा, गंगापूर-वैजापूरकडे जा, नाहीतर नगर रस्त्याने कायगाव टोक्याच्या पुलापर्यंत जा. जायकवाडीच्या पाण्यावरचा ऊस डबल ट्रॉलीत बसून कारखान्याला निघालेला दिसेल. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन. ओढणारा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम दोन-अडीच टनांचा. चढावर त्याची पुढची चाकं हवेत उचलली जातात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता आजोबांचे चार प्रश्न या ट्रॉलीला विचारू.

जोड कसली? एक हुक आणि एक पिन. ही पिन हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. ती उडाली तर आधाराला साखळी क्वचितच दिसते. दिसणार कसं? मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांच्या मागे एकही जळता दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. थांबवणार कोण? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असणं अपवादच, सगळी मदार ट्रॅक्टरवर. आणि तुटलं तर? तुटलं तर देवाची कृपा.

शून्य ते अर्धा मार्क, चारपैकी.

यात सगळ्यात जीवघेणा प्रश्न दुसरा आहे, दिसण्याचा. साधं गणित करा. तुम्ही बाईकवर ताशी ६० ने येताय, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून हात-पाय हलायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर संपले. मग चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४८. लो बीममध्ये काळपट, न चमकणारी वस्तू दिसते ती साधारण तेवढ्याच अंतरावर. समोरून कोणी अप्पर मारत आला तर त्याहून कमी. ८० ने येत असाल तर थांबायला ७५ मीटर लागतात, तुम्ही आधीच हरलेले असता. हे उभ्या ट्रॉलीचं गणित. चालत्या ट्रॉलीचा वेग थोडी सूट देतो. पण पंक्चर झालेली, जॅकवर चढवलेली, निम्म्या रस्त्यात उभी असलेली ट्रॉली कुठलीच सूट देत नाही. तिच्यामागे इशारा म्हणून काय ठेवतात? दगड आणि चार उसाची टिपरी. ट्रॉली सकाळी निघून जाते, दगड तिथेच राहतात, पुढच्या बाईकवाल्यासाठी.

या बाईकवर कोण असतं? वाळूजची सेकंड शिफ्ट सुटलेला मुलगा असतो. शेंद्र्याहून पैठणकडच्या गावी निघालेला असतो. आपल्या ऑफिसमधला, शनिवारी रात्री गावी आई-वडिलांना भेटायला निघालेला असतो.

इथे ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालणं फार सोपं आहे, आणि शहरात बसून आपण तेच करतो. पण त्याची बाजूही बघा. त्याला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. दिव्यावर कोणी एक रुपया देत नाही. ट्रॅक्टर कर्जाचा, तोडणी टोळीला उचल दिलेली, यार्डात नंबर लागायला तास न् तास. वायर लावली तरी फडात शिरताना ती उसात अडकून तुटते, हेही खरं आहे. ज्या सिस्टिममध्ये माल वाढवण्याचं बक्षीस आहे आणि सुरक्षिततेचं काहीच नाही, तिथे माणसं काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दर हंगामात आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा काढतात. चांगलंच आहे. पण मोहीम म्हणजे एक दिवस. फोटो निघतो, पट्टी चिकटते, आठ दिवसांत चिखलाने झाकली जाते. माझं म्हणणं, मोहीम नको, व्हॅलिडेशन हवं. कुठलाही प्रोग्रामर सांगेल की तपासणी करायची तर सगळा डेटा जिथून जातो त्या एकाच दारावर करावी. उसाच्या बाबतीत असं दार आहे, कारखान्याचा वजनकाटा. प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला काट्यावरून जाते, वजनाची नोंद झाल्याशिवाय पैसे नाहीत. मग काट्यावरच बघा. मागची पट्टी स्वच्छ आहे? पिनेला साखळी आहे? मागचा दिवा लागतो? नसेल तर काट्याशेजारीच पट्टी मिळेल, फडक्याने पुसून मिळेल, वायरमन जोडून देईल, खर्च वाहतूक बिलातून वळता. मालाने भरलेली ट्रॉली परत पाठवू नका, त्यात शेतकऱ्याचा ऊस वाळतो. पण दुरुस्ती केल्याशिवाय रिकामी ट्रॉलीही बाहेर सोडू नका. आणि वायर तुटते ही अडचण असेल तर दिवा चुंबकाचा, बॅटरीवरचा असू द्या. फडातून बाहेर आल्यावर लावायचा, काट्यावर काढायचा. पट्टी काही शे रुपयांची असते, दिवाही फार महाग नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे एवढी शिस्त कुठली? पण रात्री निघणाऱ्या बैलगाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असायचा, तो कुठल्या मोहिमेने टांगला होता? मागून येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे, ही समज आपल्या रस्त्यांवर होती. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलांबरोबर कंदीलही गेला, एवढंच.

राहता राहिला आपला वाटा. डिकीत रिफ्लेक्टरचा त्रिकोण आहे का बघा, आणि गाडी बंद पडली तर तो चांगला पन्नास पावलं मागे ठेवा. टो हुक बहुतेक गाड्यांत स्टेपनीजवळच्या टूल किटमध्ये असतो, तो बंपरवरच्या झाकणामागे फिरवून बसवायचा असतो. टोचन करायची वेळ आलीच तर ध्यानात ठेवा, इंजिन बंद असताना दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड होतं. दोर तुटला तर चाबकासारखा येतो, मध्ये कोणाला उभं राहू देऊ नका. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, ते सभासदाची मुलं आहेत. वार्षिक सभेत साखरेच्या भावावर तासभर बोलणं होतं, त्यात दोन मिनिटं काट्यावरच्या दिव्याबद्दल बोलायला वडिलांना सांगा. जमलं तर स्वतः जा.

मित्राला मी उत्तर लिहिलं आहे. मोटारहोम राहू दे, आजोबांकडून त्या चार प्रश्नांची यादी तेवढी मागून घे, पुढच्या हंगामाआधी इथे लागणार आहे.