यांच्या बायका तेव्हा काय करत होत्या?

गेल्या वर्षी पाथर्डी तालुक्यातल्या बचत गटाच्या बायकांना घेऊन मी नगरचा भुईकोट किल्ला पाहायला गेले. १९४२ च्या 'चले जाव' ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा पुढाऱ्यांना इथं डांबलं होतं, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं, असं मी सांगत होते. ऊसतोडीला जाणारी एक बाई मधेच म्हणाली, "ताई, हे आत होते तवा यांच्या बायका काय करत होत्या?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं, तेव्हा जुलेखा बेगम भेटल्या.

त्या बारांपैकी एक मौलाना अबुल कलाम आझाद. 'अल हिलाल'चे संपादक, उर्दूचे थोर लेखक, तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष, पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. किल्ल्यात मित्राला लिहिलेली त्यांची पत्रं 'गुबारे खातिर' या नावानं १९४६ साली प्रसिद्ध झाली. त्यातलं एक पत्नीच्या मृत्यूबद्दल आहे. जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर कळवा, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं. मौलानांनी साफ नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. भेट झालीच नाही.

हा प्रसंग मौलानांच्या स्वाभिमानाचा म्हणून सांगतात. तो आहेच. परक्या सरकारपुढे हात पसरायचा नाही, हे मलाही पटतं. पण त्याची किंमत दोघांनी मोजली आणि लिहून ठेवलं ते एकट्या मौलानांनी. जुलेखांना काय वाटलं, हे त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेलं नाही.

आणि त्या नुसत्या वाट पाहत बसणाऱ्या नव्हत्या. १९२२ मध्ये मौलानांना वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा बंगालमधलं खिलाफत समितीचं त्यांचं काम आता मी पाहीन, असं त्यांनी गांधीजींना कळवलं होतं. तरी चरित्रात त्या उरल्या 'आजारी पत्नी' म्हणून.

आपल्या चळवळीत वेगळं काय चाललंय? पूर्णवेळ कार्यकर्त्याचा सत्कार होतो, 'पत्नीची मोलाची साथ लाभली' एवढं एक वाक्य येतं. शेत, पोरं, म्हातारी माणसं कुणी सांभाळली, मोर्चाला भाकरी कुणी बांधून दिल्या, हे कुठंच येत नाही.

मैत्रिणींनो, प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या एका तरी म्हाताऱ्या बाईची हकिगत तिच्याच बोलीत लिहून काढू या. लिहिलेलं तिला वाचून दाखवू, तिचा होकार घेऊ. पाथर्डीच्या त्या बाईला मी अजून पुरतं उत्तर देणं लागते. ते मला एकटीला देता येणार नाही.