विश्लेषण : आजारातून सावरलेलेच उपचारांचे सोबती? ‘पिअर सपोर्ट’ भारतात का रखडला?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे मानसिक आरोग्य तज्ज्ञ उपलब्ध व्हावेत यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करण्याची जबाबदारी या कायद्याने सरकारवर टाकली. ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. तोवर हजारो नवे मानसोपचारतज्ज्ञ तयार होणार नाहीत, हे उघड आहे. अशा वेळी आजारातून किंवा व्यसनातून सावरलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन उपचारयंत्रणेत सामावून घेण्याचा मार्ग अनेक देशांनी धरला आहे. भारतातही असे लोक वर्षानुवर्षे काम करत आहेत. मात्र त्यांना ना ठरलेले पद आहे, ना वेतनश्रेणी.

‘पिअर सपोर्ट’ म्हणजे काय?

मानसिक आजार किंवा व्यसन स्वतः अनुभवलेल्या आणि त्यातून सावरलेल्या व्यक्तीने त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला दिलेला आधार म्हणजे पिअर सपोर्ट. असे काम करणाऱ्यांसाठी मराठीत अजून एकच रूढ शब्द नाही. ‘समवयस्क’ हा शब्दकोशातला अर्थ इथे दिशाभूल करतो, कारण येथे वय नव्हे, अनुभव सारखा असतो. हे कार्यकर्ते निदान करत नाहीत आणि औषधेही देत नाहीत. गोळ्या का सोडाव्याशा वाटतात, घरी परतल्यावर शेजारपाजाऱ्यांना काय सांगायचे, पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानावरून कसे जायचे, अशा प्रश्नांत ते सोबत करतात.

ही कल्पना नवी नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ याच तत्त्वावर उभी आहे. फरक एवढाच, की तिथे मदत विनामोबदला आणि परस्परांची असते, तर पिअर सपोर्ट वर्कर हा प्रशिक्षित आणि पगारी कर्मचारी असणे अपेक्षित असते.

याची गरज का भासते?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. देशात एक लाख लोकांमागे जेमतेम ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अपेक्षित प्रमाण तीन असल्याचे संसदीय समितीसमोरही आले आहे. व्यसनांचे चित्र याहून गंभीर आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एकच होता.

केवळ डॉक्टर वाढवून ही दरी भरणार नाही. लाज, भीती आणि ‘आपण वेडे ठरू’ या धास्तीने लोक दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. ‘मीही यातून गेलो आहे’ असे सांगणारा माणूस समोर असला, तर ती पायरी चढणे थोडे सोपे होते.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये पिअर सपोर्टचा खर्च गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी आरोग्ययोजनेतून देण्यास सुरुवात केली. २००७ मध्ये केंद्रीय यंत्रणेने सर्व राज्यांना याबाबत मार्गदर्शन करताना तीन अटी घातल्या : वरिष्ठांची देखरेख, उपचार योजनेशी समन्वय आणि प्रशिक्षणासह प्रमाणपत्र. निधीचा स्रोत ठरल्यामुळे पद तयार झाले आणि पदामुळे प्रशिक्षणाला अर्थ आला. प्रमाणपत्रासाठीचे राष्ट्रीय नमुना निकष तिथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये या कामासाठी कोणती कौशल्ये हवीत, याचा आराखडा तयार झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य सेवांबाबतच्या मार्गदर्शनात पिअर सपोर्टसाठी स्वतंत्र भाग दिला.

याचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण सगळीकडे आणि सारखा नाही. ११ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०१३ च्या ‘कॉक्रन’ अहवालाचा निष्कर्ष असा, की तशाच भूमिकेतील व्यावसायिकांच्या तुलनेत या कार्यकर्त्यांमुळे मिळणारे परिणाम ना विशेष चांगले, ना वाईट होते. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, तातडीच्या उपचारांनंतर घरी परतणाऱ्यांना पिअर वर्करच्या मदतीने स्वतःची काळजी घेण्याची पद्धत शिकवली गेली. त्यांच्यापैकी २९ टक्के जणांना वर्षभरात पुन्हा तातडीचे उपचार लागले. अशी सोबत नसलेल्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होते. मात्र २०२२ मधील दुसऱ्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजेच नुसता माणूस नेमून भागत नाही. त्याने नेमके काय करायचे, हे ठरलेले असावे लागते.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

सर्वात जुना सरकारी अनुभव एचआयव्ही नियंत्रणाचा आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या प्रकल्पांत जोखमीच्या गटांतीलच ‘पिअर एज्युकेटर’ नेमले जातात. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांपर्यंत सुरक्षित सुया आणि उपचारांची माहिती तेच पोहोचवतात. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अमली पदार्थविरोधी योजनेतही किशोरवयीनांसाठी ‘पिअर-लेड’ कार्यक्रम आहे. मात्र त्याचा भर प्रतिबंधावर आहे, व्यसनातून सावरलेल्यांना रोजगार देण्यावर नाही.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनमुक्त झालेले रुग्ण समुपदेशक आणि कर्मचारी म्हणून काम करत आले आहेत. पुण्यातीलच ‘सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ १९९७ पासून रुग्ण आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट चालवते. गुजरातमध्ये ‘क्वालिटीराइट्स’ उपक्रमांतर्गत सरकारी मनोरुग्णालयांत आजार अनुभवलेल्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले गेले. गोव्यात ‘संगाथ’च्या कामातून सामान्य माणसेही प्रशिक्षणानंतर समुपदेशन करू शकतात, हे सिद्ध झाले. तथापि ते समुपदेशक आजाराच्या अनुभवावरून निवडलेले नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे.

अडचण नेमकी कुठे?

पहिली अडचण मान्यतेची. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक स्थितींचा मानसिक आजारांत समावेश केला. मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर आजार अनुभवलेल्यांना प्रतिनिधित्वही दिले. पण ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत पिअर वर्करला जागा नाही. परिणामी तो धोरण ठरवणाऱ्या बैठकीत बसू शकतो, पण रुग्णालयात त्याच्यासाठी पद नसते.

दुसरी अडचण मोबदल्याची. ‘सेवाभाव’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबवून घेण्याचा धोका येथे मोठा आहे. आशा सेविकांचा मानधनासाठीचा लढा महाराष्ट्राने पाहिला आहे. त्यात रोज इतरांच्या वेदना ऐकताना कार्यकर्त्याचा स्वतःचा आजार उलटू शकतो. अशा वेळी पगारी रजा आणि पुन्हा कामावर येण्याची हमी नसेल, तर तो आजार लपवील किंवा काम सोडील.

तिसरी अडचण दर्जाची. नोंदणी नसलेल्या काही व्यसनमुक्ती केंद्रांत मारहाण आणि डांबून ठेवण्याचे प्रकार वेळोवेळी उघड झाले आहेत. ‘मी स्वतः व्यसनी होतो’ एवढीच पात्रता पुरेशी मानली, तर अनुभवाचे रूपांतर अधिकार गाजवण्यात होऊ शकते.

पुढे काय करता येईल?

अमेरिकी राज्यांना घातलेल्या त्या तीन अटी भारतालाही लागू पडतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि सरकारी अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांत निश्चित पदे आणि नियमित देखरेख, यापासून सुरुवात करता येईल. ‘किती वर्षे व्यसनमुक्त?’ यासारखे निकष ठरवताना आजार अनुभवलेल्यांचाही सहभाग हवा. पिअर वर्कर हा डॉक्टरला स्वस्त पर्याय नाही. त्याला तसे वापरले, तर तज्ज्ञांची कमतरता झाकली जाईल, भरून निघणार नाही.

(मदतीसाठी : मानसिक आरोग्य - ‘टेली मानस’ १४४१६; व्यसनमुक्ती - राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६)