बंब, गिझर आणि बंद खिडकी

निफाडची थंडी ज्यांनी फक्त वर्तमानपत्रात वाचली आहे, त्यांना सकाळच्या गरम पाण्याचे मोल कळायचे नाही. राज्यातला सर्वांत कमी तापमानाचा आकडा पुष्कळदा आमच्याच तालुक्याच्या नावावर लागतो. आणि आमच्या गल्लीत पाइपचा गॅस काही आलेला नाही. तेव्हा पाणी कशावर तापवायचे?

लहानपणी हा प्रश्नच नव्हता. परसात तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. बंबफोड आणायचे काम माझे, बंब चिंचेने घासायचे आईचे. त्या बंबाच्या आठवणीने हळहळणारे आज पुष्कळ भेटतात. धुराने चुरचुरणारे आईचे डोळे मात्र कुणाला आठवत नाहीत. असो.

गेल्या हिवाळ्यात आमचा विजेचा गिझर गळू लागला. बोअरचे जड पाणी, क्षारांनी टाकी खाल्ली. पुण्याहून चिरंजीव फोनवर म्हणाले, "अप्पा, गॅस गिझर लावून टाका. लगेच गरम पाणी, लाइट गेली तरी चालतो. आमच्याकडे तोच आहे." मुद्दे खरेच होते. मी जवळजवळ होकार दिला होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या सूनबाई न्हाणीघरात बेशुद्ध पडल्या. थंडी म्हणून खिडकी बंद, दार बंद आणि आत भिंतीवर गॅस गिझर. नळ वाहतो आहे पण हाकेला ओ नाही, हे सासूबाईंच्या वेळीच लक्षात आले, दार तोडले, म्हणून ती मुलगी वाचली.

मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला, विज्ञान नव्हे. तरी समजून घेतले. ज्योत खोलीतलाच प्राणवायू खाते. तो कमी पडला की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, म्हणून गळती कळते. हा विषारी वायू मात्र कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, पाय गळतात, आणि कडी काढायचे त्राण उरत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत : गॅस गिझर हवाच असेल तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत हवा. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. "खिडकी उघडी ठेवू" हे आश्वासन पौषातल्या पहाटे कुणी पाळत नाही.

मग विजेचे काय? २० लिटरची बादली १५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागते. दोन माणसांच्या घरात हे काही दिवाळे काढणारे नाही. मात्र अर्थिंग नीट हवे, आणि जड पाणी असेल तर टाकीची वेळोवेळी सफाई.

आम्ही शेवटी गच्चीवर सोलर बसवले. जड पाण्यामुळे हीट एक्स्चेंजरचे घेतले, म्हणजे वापरायचे पाणी पॅनेलच्या बारीक नळ्यांत फिरत नाही. ते महाग पडले. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत ते हात वर करते, म्हणून खाली विजेचा छोटा गिझर ठेवला आहे. आणि गच्चीवरून गरम पाणी खाली येईपर्यंत नळीतले गार पाणी निघते. ते आधी वाया जाई, आता सौ. बादलीत धरून झाडांना घालते. तिचे गुडघे दुखतात. तापलेली बादली उचलावी लागत नाही, हा तिच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ. बिलाच्या हिशेबात मी तो धरलाच नव्हता!

अशी निवड करताना आपण आधी किंमत विचारतो. मला वाटते, आधी घरातले सर्वांत दुबळे माणूस कोण, ते एकटे आंघोळीला गेल्यावर काय होईल, हे विचारावे. बाकीचे आकडे नंतर.

शेजाऱ्यांचा गिझर आता बाहेरच्या भिंतीवर आहे. पुण्यातला अजून आतच आहे, आणि तिथे माझी नात आंघोळ करते. दर रविवारी फोनवर मी एकच विचारतो, "गिझर बाहेर काढलास का रे?"

तो म्हणतो, "या रविवारी नक्की, अप्पा."