ऊन लागते म्हणजे पेशीचे काय होते?

चैत्र-वैशाख आला की आमच्या खानदेशाची भट्टी पेटते. धरणगाव, एरंडोल, जळगाव भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. याच दिवसांत जयंतीच्या मिरवणुका, लग्नाच्या वराती, वीटभट्टीचे काम, शेतातली पऱ्हाटी उपटणे. "ऊन लागले, गेला बिचारा," असे आपण सहज म्हणतो. पण ऊन लागते म्हणजे शरीरात नेमके काय होते, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या भिंतीत बारीक पंप असतात. ते आतले मीठ-पाणी सांभाळतात. पेशीतल्या छोट्या भट्ट्या प्राणवायू वापरून या पंपांना शक्ती पुरवतात. प्राणवायू तुटला, विष गेले, जंतू शिरले किंवा अति उष्णता झाली की हे काम बिघडते. पंप मंदावतात, पाणी आत शिरते, पेशी फुगते. इथपर्यंत इजा भरून येऊ शकते. पण भिंतच फाटली की आतली पाचक रसायने बाहेर पडतात आणि पेशी मरते. ती पुन्हा उठत नाही.

कच्चे अंडे उकडले की पांढरे, घट्ट होते. मग ते थंड पाण्यात ठेवले तरी पुन्हा कच्चे होत नाही. शरीराचे तापमान 41-42 अंशांवर टिकले की पेशीतल्या प्रथिनांची घडीही अशीच मोडू लागते. स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यातला लाल पदार्थ मूत्रपिंडात अडकतो, लघवी काळ्या चहासारखी होते. यकृत बिघडते. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या पेशी तर फार नाजूक. म्हणून वाचलेल्या काही माणसांची चाल पुढेही डगमगते.

पेशी बचावही करते. 1962 साली रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला माशीच्या पेशींत उष्णतेचा विशेष प्रतिसाद दिसला. पुढे कळले की उष्णता वाढली की पेशी मदतनीस प्रथिने तयार करते, ती मोडलेली घडी सावरतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून कामावर नवा आलेला किंवा आजारातून उठलेला मजूर आधी कोसळतो. त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये.

पारा 45 वर गेला तरच धोका, असेही नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. उन्हाच्या त्रासाने 14 जण दगावले. तिथे पारा आमच्यापेक्षा कमीच होता. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखे तापले, तर ही चक्कर नव्हे, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ लावा. 108 ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. खिशातला कांदाही नाही.

आणि मुकादमाला, मालकाला स्पष्ट सांगा: दुपारी बारा ते चार काम बंद, जागेवर सावली, प्यायला पाणी. ही भीक नव्हे. बुडालेली मजुरी उद्या भरून काढता येते, मेलेली मेंदूची पेशी भरून येत नाही.