काझीने विचारलेला प्रश्न

आषाढी एकादशीस शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठल-रखुमाईच्या दर्शनासाठी भाविकांची रांग लागते. रांग लांबली की गप्पाही लांबतात आणि त्यांत एक वाक्य हटकून कानी पडते : आम्ही हिंदूंनी सर्व धर्मांना आश्रय दिला. वाक्य खोटे नव्हे. परंतु आश्रय देणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार क्वचितच होतो. शहाडवरून वाहणारी उल्हास नदी पुढे कल्याणला वळसा घालून ठाण्याच्या बाजूस खाडीला मिळते. या खाडीकाठच्या मुलखाला तो विचार पूर्वी करावा लागला होता.

सहाव्या शतकातील कोस्मास हा ख्रिस्ती लेखक सांगतो की, ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती वस्ती असून तेथील बिशपची नेमणूक इराणातून होते. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य आले. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौलला आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. राजा झंझ हा शिवाची बारा देवळे बांधणारा शैव. अंबरनाथचे १०६० मधील शिवालय त्याच घराण्याचे. या राजाने मुसलमानांचे व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्यास ‘हुनरमन’ म्हणत. माणूस त्यांचा, नेमणूक राजाची! निव्वळ मनाच्या मोठेपणाने हे साधत नाही. त्यास राज्यकर्त्याची जाण लागते.

याच कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्या धर्मप्रमुखास ‘काझी’ म्हणत. धर्म ज्यूंचा, पदवी मुसलमानी आणि घरातील बोली मराठी. असा संगम अन्यत्र शोधूनही सापडणे कठीण. मध्ययुगीन इस्लामी राज्यांत ज्यू व ख्रिस्ती जिझिया भरून आपापल्या धर्माधिकाऱ्यांपुढे तंटे नेऊ शकत. इंग्लंडने तर १२९० मध्ये सारे ज्यूच देशाबाहेर घालविले.

आता ठाण्याची गोष्ट. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास उतरले. थॉमस, जेम्स, पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री अशी त्यांची नावे. गावात सत्ता मुसलमान अधिकाऱ्याची, रहिवासी बहुतांशी मूर्तिपूजक आणि नेस्टोरियन ख्रिस्त्यांची घरे अवघी पंधरा. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे राहिले. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले. नवऱ्याने मारल्याची तक्रार घेऊन बाई काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या साधूंची नावे सांगितली. मारहाणीची चौकशी करावयाची, तर काझीने त्यांच्याशी धर्मचर्चा मांडली आणि अखेरीस विचारले : महंमदाविषयी तुमचे मत काय? थॉमसने अत्यंत कठोर उत्तर दिले. परक्या गावी, दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी तसे बोलणे मला शोभणारे वाटत नाही. तथापि मूळ दोष मी प्रश्नालाच देतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या खटल्यात त्या प्रश्नाचे काय काम होते? एप्रिल महिन्यात चौघांचेही प्राण गेले. त्या बाईची तक्रार कोठल्या कोठे राहिली.

ही कथा ऐकून कोणी साऱ्या मुसलमानांना दूषणे देऊ लागेल, तर त्याने ओदोरिक या इटालियन साधूचा पुढील मजकूरही वाचावा. तो थोड्याच काळाने ठाण्यास आला होता. दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्यास बोलावून घेऊन देहदंड दिला, असे तो लिहितो. चौघांच्या अस्थी मात्र ओदोरिकने आपल्याबरोबर घेतल्या आणि ज्या चीनला ते निघाले होते, तेथे नेऊन पोहोचविल्या.