दारं काढा, भिंतीला टेकवा

परवा आई १९७१ च्या ब्लॅकआऊटबद्दल सांगत होती. मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद, दिवे बंद, आणि अंधारात सगळी चाळ गप्पा मारत बसलेली. त्या सूचनेत अर्थ होता. वैमानिकाला दिवे दिसले नाहीत तर नेम चुकू शकतो. पण अणुबॉम्बचा नेम मैलभर चुकला तरी काय फरक पडणार?

त्यावरून ब्रिटिश सरकारची 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका आठवली. मे १९८० मध्ये ती ५० पेन्सला विकायला आली. सल्ला असा: घरातली दारं काढून आतल्या भिंतीला तिरपी टेकवा, वर मातीच्या पिशव्या रचा. काचांना पांढरा रंग द्या. पहिले दोन दिवस त्या खोपटात, आणि त्या खोलीत एकूण १४ दिवस काढा. आणि हो, घर सोडून जाऊ नका! दुसरीकडची नगरपालिका राहायची-जेवायची सोय करेलच असं नाही. म्हणजे जग संपलं तरी तुम्ही कुठल्या वॉर्डातले हा प्रश्न शिल्लकच...

सगळंच चूक होतं असं नाही. स्फोटापासून लांब असाल तर जाड भिंतींच्या आड राहिल्याने किरणोत्सारी धुळीपासून खरंच बचाव होतो. पण लंडनच्या मध्यात राहणाऱ्यालाही हाच सल्ला?

पुढे एक सूचना आहे. घरात कोणी दारलं तर प्रेत दुसऱ्या खोलीत हलवा, घट्ट गुंडाळा, नाव-पत्त्याची चिठ्ठी लावा. पाच दिवसांहून जास्त झाले आणि बाहेर जाणं सुरक्षित असेल, तर पुरा आणि जागेवर खूण करा. सूर मात्र तोच, दारं टेकवायला सांगणारा.

मला राग येतो तो या सुराचा. महासंहार म्हणजे जणू पावसाळ्याआधीची घरातली कामं. यादी हातात दिली की आपणही कामाला लागतो, आणि मुळात ही वेळ का यावी हे विचारायचं राहून जातं. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी त्याच वर्षी 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' लिहून हेच विचारलं. १९८२ मध्ये रेमंड ब्रिग्ज यांनी चित्रकथा काढली, 'व्हेन द विंड ब्लोज'. त्यातलं म्हातारं जोडपं सगळ्या सूचना मनापासून पाळतं आणि हळूहळू मरतं.

आईला प्रेताची सूचना वाचून दाखवली. ती म्हणाली, "अगं, पण पुरायला उरणार कोण?"

असो. घरातली दारं मी जागच्या जागी ठेवली आहेत.