रांगेचा फायदा सर्वांना

२०२४च्या डिसेंबरात मला आयुष्यातलं पहिलं मीटिंगचं बोलावणं आलं. ३४ वर्षं मी सरकारी कचेरीत काढली, पण मीटिंग ही साहेब लोकांची गोष्ट. आमच्या टेबलापर्यंत तिच्यातली फक्त उरलेली बिस्किटं यायची. ही मीटिंग भरली कॅलिफोर्नियात, चिरंजीवांच्या जेवणाच्या टेबलाशी, रात्री साडेनऊ वाजता. हजर सभासद : चिरंजीव, सूनबाई, आमची सौ., सात वर्षांची नात आणि मी. विषय एकच : येत्या मंगळवारी डिस्नेलँडला जाणे.

"त्यात मीटिंग कसली?" मी म्हणालो. "सकाळी उठायचं, दशम्या बांधायच्या, निघायचं."

यावर जी शांतता पसरली, ती सत्यनारायणाच्या पूजेत कुणी ऑम्लेट मागितलं तरच पसरेल. चिरंजीवांनी न बोलता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर मोठा तक्ता होता. डावीकडे वेळा, उजवीकडे खेळांची नावं, मध्ये लाल-हिरव्या चौकटी. आमच्या लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजींनीसुद्धा एवढी घरं मांडली नव्हती.

या सगळ्या खटाटोपाचं कारण होतं एक नवा खेळ. १५ नोव्हेंबर २०२४ला डिस्नेलँडमध्ये 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' सुरू झाला होता. ओंडक्यासारख्या होडीत बसायचं, पाण्यावरून गाणी ऐकत फिरायचं आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून धपकन खाली यायचं. याच जागी १९८९पासून २०२३पर्यंत 'स्प्लॅश माउंटन' नावाचा खेळ होता. त्याला निरोप देऊन तिथे २००९च्या सिनेमातली राजकन्या टियाना आणून बसवली. म्हणजे घर तेच, गळती तीच, भाडेकरू तेवढा नवा. पण नवा म्हटला की माणसं धावतात. उंची किमान ४० इंच हवी, असा नियम होता. नात त्यात बसत होती. अकलेची किमान उंची किती हवी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे आम्ही सगळेच बसत होतो.

"या खेळाला व्हर्च्युअल क्यू आहे," सूनबाई म्हणाल्या. "म्हणजे रांग मोबाइलमध्ये. सकाळी बरोबर सातला बटण दाबायचं. नंबर मिळाला तर मिळाला. मग आपला नंबर येईपर्यंत आपण कुठेही फिरायला मोकळे."

मला हसू आवरेना. अहो, हा शोध कॅलिफोर्नियाचा? सत्तरच्या दशकात गिरगावातल्या आमच्या रॉकेलच्या दुकानापुढे रोज व्हर्च्युअल क्यू लागायची! पहाटे डबा नेऊन ठेवायचा आणि नंबर लावायचा. डबे उन्हात उभे, मालक सावलीत. ज्याच्याकडे डबा नाही तो पिशवी ठेवायचा, पिशवी नसेल तर दगड. 'हा दगड जोशांचा' हे सगळ्या गल्लीला ठाऊक असे. बटण नाही, बॅटरी नाही, परवलीचा शब्द नाही. मी ही हकीकत रंगवून सांगितली. नातीला दगड फार आवडला. मंगळवारी आपणही एक नेऊ या, असं तिनं सुचवलं. मीटिंगमध्ये आलेली ती एकमेव सूचना मला व्यवहार्य वाटली.

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग चिरंजीव पैशांच्या चौकटीकडे वळले.

टियानाची रांग तेव्हा मोबाइलमधली आणि फुकट होती. पण बाकीच्या बऱ्याच मोठ्या खेळांना दोन वाटा असतात. एक उभं राहणाऱ्यांची. दुसरी 'लाइटनिंग लेन', म्हणजे विजेची वाट. तिकिटाशिवाय माणशी आणखी, २०२४च्या भावानं तीसेक, डॉलर मोजले की ठरल्या वेळी या दुसऱ्या वाटेनं यायचं आणि उभ्या राहिलेल्यांच्या शेजारून आत शिरायचं. तेवढ्यानं समाधान होत नसेल, तर २०२४च्या ऑक्टोबरात त्याहून वरची पायरी निघाली होती. तिचं नाव 'प्रीमियर पास', भाव त्या वर्षअखेरपर्यंत माणशी ४०० डॉलर. वेळ ठरवायची भानगड नाही. राजासारखं यायचं, प्रत्येक विजेच्या वाटेनं एकेकदा जायचं. मी मनात पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेला गुणाकार केला. पाच माणसं, दोन हजार डॉलर, एक लाख सत्तर हजार रुपयांच्या घरात. एवढ्या पैशांत आम्ही एकेकाळी पाहुणे धरून आख्खं लग्न उरकलं असतं, आणि तिथेही आहेर देणाऱ्याला आधी पंगतीला बसवत नाहीत.

"प्रीमियर नको," चिरंजीव म्हणाले. "पण साधी लाइटनिंग घेऊ. बाबा, विचार करा. पाच-पाच तास उभं कशाला राहायचं?"

"पण मग मागे राहतात त्यांचं काय?" हे मी नाही विचारलं. नातीनं विचारलं.

"ते थांबतात, बेटा."

"आपल्यामुळे?"

चिरंजीवांनी तिला झोपायला पाठवलं. अडचणीचा प्रश्न आला की तो विचारणाऱ्याला झोपायला पाठवायचं, ही पद्धत घरापासून विधिमंडळापर्यंत सगळीकडे आहे.

आता इथे मला भांडायचं आहे. डिस्नेलँडशी माझं वैयक्तिक वैर नाही. जागा सुंदर आहे, स्वच्छ आहे आणि त्यांचा उंदीर आमच्या चाळीतल्या उंदरांपेक्षा कितीतरी सुसंस्कृत आहे. भांडण आहे ते विजेच्या वाटेशी. ही वाट आता फक्त तिथेच नाही. ती आपल्याकडच्या बागांत आली आणि देवळांतही आली. देवाच्या दारात पैसे भरून पुढे जाणाऱ्याला आपण भाविक म्हणतो, आणि उभा राहतो तो गर्दी!

मुळात ही गोष्ट किती जुनी आहे पाहा. डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ला. उद्घाटन निमंत्रितांसाठी होतं, पण खोट्या पासांचा सुळसुळाट झाला आणि कितीतरी जास्त माणसं आत लोटली. उन्हानं रस्त्याचं ताजं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांचा संप झालेला असल्यामुळे पिण्याचं पाणी की संडास, यात निवड करावी लागली आणि वॉल्ट डिस्ने यांनी संडास निवडले. त्या दिवशी एका इसमानं कुंपणाला शिडी लावली आणि पाच-पाच डॉलर घेऊन माणसं आत उतरवली, असं सांगतात. मला हा शिडीवाला फार महत्त्वाचा वाटतो. १९५५ साली तो कुंपणाबाहेर होता आणि चोर होता. आज शिडी कुंपणाच्या आत आहे आणि तिला सुरेख नाव आहे.

मध्यंतरी बरे दिवसही होते. १९९९ साली तिथे 'फास्टपास' निघाला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि तिच्यावर छापलेल्या वेळी यायचं. चिठ्ठी फुकट, सगळ्यांना. लवकर उठेल त्याला चांगली वेळ. मला यात काही गैर दिसत नाही, तो आमचा रॉकेलचा डबाच होता. २०२०च्या साथीत ते बंद पडलं. २०२१ला परत आलं तेव्हा त्यावर किंमत चिकटलेली होती.

१९७५ साली 'शोले' मिनर्व्हाला लागला तेव्हा थिएटरबाहेर 'दो का पाँच, दो का पाँच' असं पुटपुटत माणसं फिरायची. पोलीस दिसला की पांगायची. त्यांना आपण ब्लॅकवाले म्हणायचो आणि नाक मुरडून त्यांच्याकडूनच तिकीट घ्यायचो. पण त्या बिचाऱ्यानं निदान आधी स्वतः रांगेत उभं राहून तिकीट विकत घेतलेलं असे. कंपनी जी वस्तू विकते ती तिची असते तरी का? खेळात बसायला माणसं तासाला जेवढी बसायची तेवढीच बसतात. विजेच्या वाटेनं होड्या वाढत नाहीत. तुम्हाला पाऊण तास वाचवून दिला, तो आणला कुठून? उन्हात पोराला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून. त्याला विचारलं नाही, आणि त्या पाऊण तासाचे पैसे त्याला मिळालेही नाहीत.

ज्याला उभं राहवत नाही, जो आजारी आहे, त्याला पुढे घ्या. याला कोण नाही म्हणेल? एस.टी.च्या रांगेत गरोदर बाईला आपण न सांगता पुढे करतो. पण ते रांगेनं दिलेलं असतं, रांगेवरून घेतलेलं नसतं. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीनं महापूजेचा मान कुणाला मिळतो? दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या वारकरी दांपत्याला. मुख्यमंत्री रांगेतून येत नाहीत हे खरं, पण मान रांगेचा आहे, एवढं तरी आपण अजून मानतो.

हे सगळं मी त्या रात्री टेबलावर मांडलं. चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले.

"बाबा, तुम्ही जन्मभर रांगेत उभे राहिलात, ते आम्हाला राहायला लागू नये म्हणूनच ना?"

माझी बोलती बंद झाली. खोटं नव्हतं ते. त्याला वर्षाकाठी मोजून रजा मिळते. त्यातली एक त्यानं आमच्यासाठी काढली होती. बापाच्या गुडघ्यांची काळजी करणाऱ्या मुलाला मी कुंपणाच्या शिडीवाल्याच्या पंगतीला बसवून मोकळा झालो होतो.

त्या शांततेत आमची सौ. प्रथमच बोलली. ती इतका वेळ मटार सोलत होती.

"हे कधी उभे होते रांगेत?" ती चिरंजीवांना म्हणाली. "डबा ठेवायचे आणि वाचनालयात पेपर वाचायला जायचे. डबा पुढे सरकवायचे मी. तू तेव्हा कडेवर होतास."

मटाराचा एक दाणा घरंगळत तक्त्यापर्यंत गेला. कुणी उचलला नाही.

पन्नास वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं. ठेवलेला डबा आपोआप पुढे जात नाही. तो कुणीतरी वाकून सरकवतं. सगळ्या गल्लीला 'हा दगड जोशांचा' हे ठाऊक असे, पण दगडाशेजारी कोण उभं होतं याची नोंद मी ठेवली नव्हती. विजेच्या वाटेविरुद्ध तावातावानं भांडणारा हा गृहस्थ स्वतः पन्नास वर्षं त्याच वाटेनं चालला होता, आणि तेही फुकट. माझा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट, वाचलेला वेळ कुणाच्या तरी पायांनी भरलेला असतो, याचा पुरावा माझ्याच घरात मटार सोलत बसला होता.

शेवटी तडजोड झाली. लाइटनिंग लेन घेतली नाही. टियानासाठी मंगळवारी सकाळी सातला तीन फोनांवरून बटणं दाबली गेली आणि नंबर लागला. तक्त्यात एक नवी चौकट आली : 'दुपारी २ ते ३, बाबांची रांग'. सूनबाईंनी शोधून काढलं होतं की पीटर पॅनच्या खेळाला, जो १९५५च्या पहिल्या दिवसापासून तिथे आहे, विजेची वाटच नाही. एक रांग, सगळे तिच्यात. खेळ दोनेक मिनिटांचा, रांग पन्नास मिनिटांची.

दुपारी दोनला मी सौ.ला सावलीतल्या बाकावर बसवलं आणि नात व मी नंबर लावला. गुडघे बोलत होते, पण मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पंचेचाळीस मिनिटांनी दार जवळ आलं तेव्हा नात धावत जाऊन आजीला घेऊन आली. आणि माझ्या लक्षात आलं की आता मलाच एक माणूस मध्ये घुसवायचा आहे.

मागे एक उंच गृहस्थ झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे वळलो, सौ.कडे बोट दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, चालेल का. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि एक पाऊल मागे सरकला.